मर्फीची युनिट ७ ते १४ : प्रेझेंट परफेक्टचं घोडं नेमकं कुठे अडतं

फळ्यावरचं सूत्र बहुतेकांना अजून पाठ असतं. मराठी वाक्याच्या शेवटी 'ला आहे, ली आहे, ले आहे' आलं की 'हॅव' किंवा 'हॅज' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट (पूर्ण वर्तमानकाळ). 'पासून' आणि 'त आहे' एकत्र आले की 'हॅव बीन' आणि शेपटाला 'आयएनजी'. शाळेच्या पेपरात भाषांतराचे मार्क मिळवायला एवढं पुरतं. पण 'मी कालच फॉर्म भरला आहे' हे मराठीत अगदी स्वाभाविक वाक्य आहे, आणि सूत्राने केलेलं त्याचं 'आय हॅव फिल्ड इन द फॉर्म यस्टरडे' हे इंग्रजीत चूक आहे. उलट 'अरे, चष्मा फुटला माझा!' यात 'आहे'चा पत्ता नाही, आणि इंग्रज माणूस मात्र म्हणणार 'आय हॅव ब्रोकन माय ग्लासेस'. 'आहे' असताना परफेक्ट नको, नसताना हवा. सूत्र दोन्हीकडून फसतं.

रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' विकत घ्यावं का, हा प्रश्न मराठी माध्यमातून आलेल्या वाचकासाठी याच कसोटीवर तपासायला हवा. हे पुस्तक त्या 'आहे'च्या सूत्रातून आपल्याला सोडवतं का? सोडवतं. पण ते जगभरच्या सगळ्या शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, मराठीचे खाचखळगे त्याच्या हिशेबात नाहीत. ते आपले आपणच भरून काढायचे. म्हणून हे परीक्षण अख्ख्या पुस्तकाचं नाही. प्रेझेंट परफेक्टचा साधा आणि कंटिन्युअस प्रकार शिकवणारी युनिट ७ ते १४, तेवढ्यांचंच आहे. खरेदीचा निर्णय या सोळा पानांवर घेता येतो.

आधी वस्तूबद्दल. पहिली आवृत्ती १९८५ची, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसची, पाचवी २०१९ची. निळ्या मुखपृष्ठाचं, १४५ युनिटांचं पुस्तक. प्रत्येक युनिट समोरासमोरच्या दोन पानांवर: डावीकडे स्पष्टीकरण, उजवीकडे स्वाध्याय. हीच या पुस्तकाची खरी युक्ती आहे. स्वाध्याय करताना नजर नुसती डावीकडे वळवायची, पान उलटायचं नाही. म्हणून एका बाजूला छापलेली झेरॉक्स किंवा मोबाइलवर एकेक पान सरकवत वाचायची पीडीएफ घेतली, तर पुस्तकाचा अर्धा जीव जातो. विकत घेताना उत्तरांसहितची आवृत्ती आहे ना, हे नक्की बघा. उत्तरांशिवायचीही निघते, ती वर्गात शिकवणाऱ्यांसाठी. दक्षिण आशियासाठी 'इंटरमीडिएट इंग्लिश ग्रामर' या वेगळ्या नावाने निघालेली जुनी, स्वस्त आवृत्तीही दुकानांत दिसते. काळ शिकायला तीही चालते, फक्त अनुक्रमणिका उघडून युनिटांचे आकडे जुळतात का ते पाहून घ्या. आणि 'ही गो' म्हणावं की 'ही गोज' इथेच अजून अडखळायला होत असेल, तर निळं पुस्तक थांबू द्या. त्याच लेखकाचं लाल मुखपृष्ठाचं 'इसेन्शियल ग्रामर इन यूज' आधी करा.

आता युनिटं. क्रमाने ७, ८, ९ अशी करावीत असं पुस्तकाचा बांधा सुचवतो. मराठी वाचकाने तसं करू नये. सुरुवात ११ आणि १२ने करावी, कारण आपल्या बोलण्यातली सगळ्यात ढोबळ, ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात खटकणारी चूक तिथे आहे.

'मी तीन वर्षांपासून ठाण्यात राहतो.' मराठीत हा साधा वर्तमानकाळ. त्याचं सरळ इंग्रजी होतं 'आय लिव्ह इन ठाणे सिन्स थ्री इयर्स' किंवा 'आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स थ्री इयर्स'. एका वाक्यात दोन चुका: काळ चुकला आणि 'सिन्स'ही चुकला. मराठीत भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला वर्तमानकाळच लागतो, इंग्रजीत तो चालत नाही. तिथे 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. युनिट ११ हे एकच सूत्र धरून बसतं आणि चुकीचं वाक्य शेजारी दाखवून ते ठसवतं. ही पद्धत चांगली आहे. फक्त ही चूक आपण करतो ती मराठी वर्तमानकाळ सरळ उचलल्यामुळे, हे पुस्तक सांगू शकत नाही. आपण ते लक्षात ठेवायचं: मराठी वाक्यात 'पासून' किंवा 'गेले अमुक' आलं आणि गोष्ट अजून चालू असली, तर वर्तमानकाळाला हात लावायचा नाही.

युनिट ११ करताना आणखी एक बाब डोळ्यांखालून निसटते. 'हाउ लाँग आर यू हिअर?' आणि 'हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचा अर्थ 'किती दिवस मुक्काम?', दुसऱ्याचा 'कधीपासून आहात?'. लंडनला मुलाकडे गेलेल्या आईला शेजारीण पहिला प्रश्न विचारते आणि आई 'सिन्स टू वीक्स' म्हणते. शेजारणीला मात्र परतीचं तिकीट कधीचं ते ऐकायचं असतं.

युनिट १२ म्हणजे 'फॉर' आणि 'सिन्स'. मर्फींचं स्पष्टीकरण नेमकं आहे: 'फॉर'पुढे कालावधी, 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण. तरी मराठी माणूस चुकतो, कारण आपलं 'पासून' दोन्हीकडे लागतं. 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' यांत आपल्याला फरकच जाणवत नाही. यावर एक घरगुती कसोटी आहे. 'पासून' काढून पुढे 'गेले' लावून बघा. 'तीन दिवसांपासून'चं 'गेले तीन दिवस' होतं, म्हणून 'फॉर थ्री डेज'. 'सोमवारपासून'चं 'गेले सोमवार' होत नाही, म्हणून 'सिन्स मंडे'. 'लहानपणापासून'चं 'गेले लहानपण' होत नाही, 'सिन्स चाइल्डहूड'. 'बऱ्याच दिवसांपासून'चं 'गेले बरेच दिवस' होतं, म्हणून 'फॉर अ लाँग टाइम'. आपल्याकडे सर्रास चालणारं 'सिन्स लाँग' नव्हे. आणि 'सिन्स मॉर्निंग' हे आपल्याकडच्या इंग्रजीत ऐकू येतं. बाहेर 'सिन्स धिस मॉर्निंग' किंवा 'ऑल मॉर्निंग'.

सगळ्यात जास्त बिघडतं ते 'सिन्स लास्ट टेन इयर्स'. सोसायटीच्या, ऑफिसच्या, कॉलेजच्या दाखल्यांत ते इतकं मुरलंय की चूक वाटतच नाही: 'श्री. अमुक इज रिसायडिंग ॲट द अबव्ह ॲड्रेस सिन्स लास्ट टेन इयर्स.' दुरुस्ती: 'हॅज बीन लिव्हिंग ॲट द अबव्ह ॲड्रेस फॉर द लास्ट टेन इयर्स.' अमुक साल द्यायचं असेल तर 'सिन्स २०१५'. माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर परफेक्टच उडतो: 'वर्क्ड हिअर फ्रॉम जून २०१६ टू मार्च २०२१.' अनुभवाच्या दाखल्यात 'हॅज वर्क्ड' लिहिलं की तो अजून नोकरीवर आहे असंही वाचलं जाऊ शकतं.

त्याच युनिटमधली 'इट्स टू इयर्स सिन्स...' ही रचना आपल्याला उलट सोपी जाते, कारण मराठीत ती हुबेहूब आहे: 'त्याला भेटून दोन वर्षं झाली.' यात एकच पथ्य पाळायचं, 'सिन्स'नंतरचं क्रियापद साध्या भूतकाळात: 'इट्स टू इयर्स सिन्स आय सॉ हिम'.

यानंतर थेट १४ उघडा. इथे दुसरी ढोबळ चूक पकडली जाते. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०१९', 'टेन मिनिट्स अगो', 'व्हेन आय वॉज अ चाइल्ड': संपलेला काळ वाक्यात आला की परफेक्ट बाद. मर्फी हे ठामपणे सांगतात, आणि ते बरंच आहे, कारण आपला बायोडेटा याच चुकीने भरलेला असतो. 'आय हॅव कम्प्लिटेड माय बीकॉम इन २०१८' नको, 'आय कम्प्लिटेड'. साल काढून टाकलं तर 'आय हॅव कम्प्लिटेड माय बीकॉम' चालेल. मराठीत मात्र 'मी २०१८ साली बीकॉम केलं आहे' म्हणताना कोणी डोळा वर करत नाही. मराठीतल्या 'केलं आहे'मध्ये 'हे झालेलं आहे, नोंद घ्या' असा सूर असतो, काळ केव्हाचा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. इंग्रजीत तो सूर काळाच्या शब्दाशी भांडतो. प्रश्न विचारतानाही तेच: 'तू कधी आला आहेस?' हे मराठीत खपतं, 'व्हेन हॅव यू कम?' खपत नाही. 'व्हेन'पाशी परफेक्ट जवळजवळ कधीच येत नाही. 'व्हेन डिड यू गेट हिअर?'

'धिस मॉर्निंग'वर जरा थांबा. अकरा वाजता 'आय हॅवंट हॅड टी धिस मॉर्निंग' बरोबर, कारण सकाळ अजून चालू आहे. संध्याकाळी पाचला तेच वाक्य 'आय डिडंट हॅव टी धिस मॉर्निंग' होतं. शब्द तेच, घड्याळ बदललं की काळ बदलला. मराठीत दोन्ही वेळा 'सकाळी चहा घेतला नाही' एवढंच. हा मुद्दा पुस्तकात पुरेशा ठळकपणे आला आहे आणि उजव्या पानावरचे प्रश्नही त्याला धरून आहेत. ७ ते १४मधलं सगळ्यात चांगलं पान निवडायचं तर १४चं उजवं पान. तिथे दोन्ही काळ मिसळलेले आहेत, उत्तर युनिटच्या नावावरून ओळखता येत नाही.

ही शेवटची गोष्ट या पुस्तकाची मोठी उणीव दाखवते. युनिट ९ संपूर्ण 'हॅव बीन' अधिक 'आयएनजी'चं आहे, त्यामुळे उजवीकडच्या बहुतेक रिकाम्या जागांत तेच भरायचं हे आधीच ठाऊक असतं. फारसं डोकं न लावता चांगले मार्क येतात आणि माणूस खूश होतो. पुढच्या आठवड्यात फोनवर तोच माणूस 'आय ॲम वेटिंग सिन्स ॲन अवर' म्हणतो. ७, ८ आणि ९ला हा रोग कमीजास्त आहे. १०, १३ आणि १४ त्यातून सुटलेली आहेत. मागे 'ॲडिशनल एक्सरसाइजेस' म्हणून अनेक युनिटं मिसळलेला भाग आहे, तो इथे औषध ठरतो. बहुतेक वाचक तो उघडतच नाहीत. नियम असा करा: आठ युनिटं झाल्यावर चार दिवस जाऊ द्या, डावी पानं न बघता त्या भागातले या काळांचे स्वाध्याय सोडवा. तिथे जे चुकेल तेच आपलं खरं युनिट.

१३ला फार वेळ लागत नाही, पण त्यातली एक चाल बोलण्यात सोन्यासारखी आहे. इंग्रज माणूस बातमी परफेक्टमध्ये देतो आणि तपशील लगेच साध्या भूतकाळात सांगतो. 'आय हॅव फाउंड अ फ्लॅट!' आणि पुढे 'व्हेअर डिड यू फाइंड इट? हू शोड इट टु यू?' 'आय हॅव फाउंड'ने सुरू झालेलं बोलणं दुसऱ्या वाक्यापासून 'डिड'वर जातं. बीबीसीच्या बातम्यांतही हीच चाल ऐकू येते. आपल्याकडे मात्र एकदा 'हॅव' सुरू झालं की चार वाक्यं 'हॅव'च चालू राहतं, किंवा मुळापासून सगळंच 'डिड'.

आता ७ आणि ८. यांचा गाभा एवढाच की झालेल्या गोष्टीचा आजशी संबंध दाखवायचा असेल तर परफेक्ट. 'ट्रेन गेली', 'पाऊस थांबला', 'जेवलीस का?', 'झालं माझं': यांत 'आहे' नाही, तरी प्रत्येकाचा परिणाम समोर आहे. ट्रेन फलाटावर नाही, छत्री मिटायची आहे, ताट मांडायचं की नाही ते ठरवायचं आहे. म्हणून 'द ट्रेन हॅज लेफ्ट', 'इट्स स्टॉप्ड रेनिंग', 'हॅव यू हॅड लंच?', 'आय हॅव फिनिश्ड'. 'आहे' शोधायचं सोडून 'आता याचं काय?' हा प्रश्न वाक्याला विचारायचा. उत्तर मिळालं तर परफेक्ट. ही पुस्तकाचीच दृष्टी आहे, फक्त आपल्या शब्दांत. अमेरिकेत मुलगी, मुलगा किंवा क्लायंट असेल तर हेही सांगायला हवं की तिकडे 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांबरोबर साधा भूतकाळ मोकळेपणाने वापरतात: 'डिड यू ईट येट?' मर्फी मुळात ब्रिटिश इंग्रजी शिकवतात, पण हा फरक नमूद करतात आणि अमेरिकी इंग्रजीसाठी शेवटी परिशिष्टही आहे. पुण्यातून टेक्सासशी बोलणाऱ्याने त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही.

'बीन टू' आणि 'गॉन टू' यांचा भेद सुरुवातीच्याच युनिटांत येतो. 'ही हॅज गॉन टु नाशिक' म्हणजे गेला, अजून तिकडेच. 'ही हॅज बीन टु नाशिक' म्हणजे जाऊन आला. मराठीत 'जाऊन आला' हे आयतं आहे, म्हणून आपल्याला फरक चटकन कळतो. पण स्वतःबद्दल 'आय हॅव गॉन टु गोवा' म्हणण्याची सवय सुटत नाही. समोर उभा असलेला माणूस 'गॉन' असूच शकत नाही.

'पहिल्यांदाच'चं वाक्य मात्र चकवतं. 'मी पहिल्यांदाच गिअरची गाडी चालवतोय' यात मराठी वर्तमानकाळ आहे. इंग्रजी म्हणतं 'इट्स द फर्स्ट टाइम आय हॅव ड्रिव्हन अ मॅन्युअल कार'. 'आय ॲम ड्रायव्हिंग' इथे नाही. युनिट ८मधला हा छोटा मुद्दा वाचून सोडून दिला जातो. तो पाठच करा.

रूपांची बाब लेखकाने पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या परिशिष्टावर टाकली आहे: अनियमित क्रियापदांचा तक्ता तिथे मिळेल. 'हॅव वेंट', 'हॅज केम', 'हॅव सॉ', 'हॅज रोट' ही दुसरी रूपं तोंडात बसलेली असतील तर आठ युनिटं करूनही उपयोग नाही. आणखी एक मराठी खोच: 'तिने आंबे खाल्ले आहेत' यातलं 'आहेत' आंब्यांशी जुळतं, तिच्याशी नाही. त्या 'आहेत'मुळे 'शी हॅव ईटन' तोंडातून जातं. इंग्रजीत आंबे कितीही असोत, 'शी' आली की 'हॅज'.

उरली ९ आणि १०, म्हणजे कंटिन्युअस. इथे पुस्तक खरोखर वरचढ आहे, कारण शाळेने आपल्याला या काळाचा एकच अर्धा भाग दिलेला असतो: 'पासून करत आहे'. दुसरा अर्धा, म्हणजे नुकतीच थांबलेली आणि खुणा मागे ठेवून गेलेली क्रिया, युनिट ९ सुरुवातीलाच समोर ठेवतं. मराठीत इथे चक्क 'होता, होती' येतं. 'डोळे लाल का? रडत होतीस?' याचं आपण करतो 'वेअर यू क्रायिंग?', इंग्रज म्हणतो 'हॅव यू बीन क्रायिंग?' 'हात काळे कसे? गाडी दुरुस्त करत होतो' याचं 'आय हॅव बीन फिक्सिंग द बाइक'. 'होतो' ऐकलं की आपण 'वॉज'कडे धावतो. पुरावा अजून डोळ्यांसमोर असेल, ओले कपडे, धाप, काळे हात, पिठाने माखलेला ओटा, तर 'हॅव बीन'. म्हणजे मराठीची तीन रूपं इंग्रजीच्या या एका काळात जमा होतात: 'तासाभरापासून थांबलोय', 'रडत होतीस का', आणि वर्षानुवर्षांच्या सवयीचं 'करत आलोय'. हा तीन कोनांचा नकाशा पुस्तकात नाही, असूही शकत नाही. युनिट ९च्या डाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा.

युनिट १०ला निवांत बसा, निदान दोन बैठका. साधा की कंटिन्युअस, हे ठरवण्याची मर्फींची रीत अशी की क्रियेवर लक्ष असेल तर कंटिन्युअस, निष्पत्तीवर असेल तर साधा. 'किती वेळ'ला कंटिन्युअस, 'किती नग'ला साधा. स्वयंपाकघरात हे झटकन पटतं. 'सकाळपासून पोळ्याच करतेय' म्हणजे 'आय हॅव बीन मेकिंग चपातीज ऑल मॉर्निंग'. 'चाळीस पोळ्या झाल्या' म्हणजे 'आय हॅव मेड फॉर्टी चपातीज'. 'आय हॅव बीन मेकिंग फॉर्टी चपातीज' होत नाही. आकडा आला की कंटिन्युअस सोडायचा. दिवाळीचा डबा उघडला आणि लाडू अर्धेच उरलेत, तर 'समवन हॅज बीन ईटिंग द लाडूज'. डबा रिकामा, तर 'समवन हॅज ईटन द लाडूज'. डब्यातल्या लाडवांवर काळ ठरतो.

काही क्रियापदं कंटिन्युअसला हात लावू देत नाहीत: नो, लाइक, बिलीव्ह, ओन, बिलाँग. 'मी त्याला कॉलेजपासून ओळखतो' हे 'आय हॅव नोन हिम सिन्स कॉलेज'. 'आय हॅव बीन नोइंग' नाही, आणि 'आय नो हिम सिन्स कॉलेज' तर मुळीच नाही. शाळेचं 'पासून आलं की आयएनजी' इथे सरळ पाडतं. 'लिव्ह' आणि 'वर्क' यांना दोन्ही चालतात, अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही. पण 'ऑलवेज' आलं की फक्त साधा: 'आय हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन सांगली'.

नकाराचा मुद्दा मात्र या युनिटात आणखी जागा मागत होता. 'तो सोमवारपासून आला नाही' यात 'पासून' असूनही कंटिन्युअस नाही: 'ही हॅजंट कम सिन्स मंडे'. न घडलेली एकेकटी गोष्ट लांबत नसते. 'सोमवारपासून नीट झोपत नाहीये' अशी रोजची, चालू तक्रार असेल तर 'ही हॅजंट बीन स्लीपिंग वेल सिन्स मंडे'. मराठीत 'आला नाही' आणि 'येत नाहीये' हा फरक आहे, तोच इथे धरावा. या एका ठिकाणी मराठी कान अचूक मदत करतो.

कर्मणीचा घोळही आठवणीने टाळा. 'लिफ्ट दुरुस्त केली आहे' म्हणजे 'द लिफ्ट हॅज बीन रिपेअर्ड'. इथल्या 'बीन'पुढे तिसरं रूप आहे, 'आयएनजी' नाही. 'द लिफ्ट हॅज बीन रिपेअरिंग' लिहिलं तर लिफ्टच हातात पाना घेऊन दुरुस्तीला लागल्याचा अर्थ निघतो. सोसायटीच्या नोटीसबोर्डावर हे वरचेवर वाचायला मिळतं. मर्फींनी कर्मणी बरंच पुढे, युनिट ४२च्या आसपास घेतलं आहे, म्हणून ७ ते १४ करताना हा फरक आपला आपण लक्षात ठेवावा लागतो.

पुस्तक जे देऊ शकत नाही ते कानाचं काम. बोलण्यात 'हॅव'चा 'व्ह' एवढाच उरतो: 'आयव्ह', 'दे'व्ह'. 'हॅज' आणि 'इज' दोन्ही 'ही'ज' होतात. 'ही'ज गॉन' की 'ही'ज गोइंग', हे पुढच्या शब्दावरूनच कळतं. छापील पानावर हे लहान अक्षरांत येतं आणि डोळा ते टाळतो. स्वाध्यायाची उत्तरं लिहून झाली की तीच वाक्यं आखूड रूपांनी मोठ्याने म्हणायची. प्रत्येक वाक्य तीनदा, तिसऱ्यांदा पुस्तकाकडे न बघता. एका युनिटला साधारण पाऊण तास धरा: पंधरा मिनिटं डावं पान, वीस मिनिटं उजवं, दहा मिनिटं तोंडी. उत्तरं पुस्तकात नव्हे, वहीत. पुस्तकात लिहिलं की दुसऱ्यांदा सोडवायला ते मेलेलं असतं, आणि ही आठ युनिटं दोनदा सोडवावीच लागतात.

किमतीत ते बसतं का? एकदा घेतलं की पुढची १३१ युनिटंही हाताशी राहतात, घरातल्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतं, आणि जुनी आवृत्ती सेकंडहँड मिळाली तरी या काळांच्या नियमांत काहीही बदललेलं नाही. मराठीतून समजावणारी गाइडं स्वस्त आहेत, पण बहुतेकांत तेच फळ्यावरचं सूत्र छापलेलं असतं. त्यापेक्षा मर्फी आणि समासातली पेन्सिल, हा सौदा बरा.

सगळं झाल्यावर एक तपासणी. स्वतःचा जुना बायोडेटा आणि नोकरीचा एखादा अर्ज काढा. प्रत्येक 'हॅव'वर गोल करा, त्या वाक्यात साल, महिना किंवा 'लास्ट' आहे का ते बघा. प्रत्येक 'सिन्स'च्या मागे 'ॲम' किंवा 'इज' बसलंय का ते बघा. 'आय ॲम वर्किंग सिन्स २०१९' सापडलं तर युनिट ११ पुन्हा उघडायचं, आणि 'आय हॅव अप्लाइड लास्ट वीक' सापडलं तर १४.